सेवेरो दाराकडे बघतोय

"आधी याला भेट," दोन्या फेलिपा म्हणाली. "मग बॅग ठेव."

मी अजून उंबऱ्यातच होते. धाप लागलेली, कानशिलं ठणकत होती, पाठीवरच्या सॅकचे पट्टे खांद्यात रुतले होते. बाहेरच्या उन्हातून आत आल्यामुळे डोळ्यांपुढे नुसता अंधार. मग हळूहळू शेगडी दिसली, टेबल दिसलं, खिडकीतून खाली दरीत पसरलेलं अख्खं शहर दिसलं, आणि शेगडीसमोरच्या कोपऱ्यात, फळीवर, तो दिसला.

पांढऱ्या उशीवर माणसाची कवटी होती. डोक्यात कान झाकणारी लोकरी टोपी, डोळ्यांच्या खाचांवर काळा चष्मा, दातांत विझलेली सिगारेट. हार घालायला गळा नव्हता, म्हणून झेंडूसारख्या पिवळ्या फुलांची माळ उशीभोवती ठेवली होती.

"हा सेवेरो. घराचा राखणदार," ती म्हणाली. "नाव सांग त्याला तुझं."

माझ्यामागे गोन्सालो उभा होता. ज्या संस्थेत मी स्वयंसेवक म्हणून आले होते तिचं काम तो बघायचा. विमानतळावरून मला त्यानेच आणलं होतं. तो हसून म्हणाला, "सांग. घाबरू नकोस. इथे बऱ्याच घरांत असतात."

"तनुजा," मी कवटीला म्हणाले.

"तनुखा," दोन्या फेलिपाने त्याला समजावून सांगितलं. स्पॅनिशमध्ये आपला 'ज' असा 'ख' होऊन जातो. "लांबून आलीये. इंडियातून. माणसांचे हातपाय चालते करते."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बोलिव्हियातलं ला पाझ हे शहर एखाद्या प्रचंड कढईसारखं आहे. तळाशी उंच इमारती, आणि कढईच्या कडांवर, सरळ चढावर, विटांची घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन वरपर्यंत गेलेली. त्यातल्याच एका उतारावर सान तादेओ नावाची वस्ती होती, हे घर तिथलंच. मी कराडच्या दवाखान्यात काही वर्षं फिजिओथेरपीचं काम केलं होतं, आणि एक दिवस वाटलं की मी हीच गुडघेदुखी आणि हाच बसस्टँड बघत म्हातारी होणार. पुण्यात जाऊन स्पॅनिशचा वर्ग केला, अर्ज केले. आई म्हणाली, "एवढ्या उंचावर श्वास तरी घेता येतो का गं?" मी म्हणाले, लोक राहतात की.

घेता येत नव्हता. अर्धा जिना चढलं की छाती फुटायला यायची. गोन्सालोने जाताना मला बजावलं.

"याला सोरोचे म्हणतात. उंचीचा त्रास. काही दिवस कामावर यायचं नाही, फक्त पडून राहायचं, कोकाच्या पानांचा चहा प्यायचा. डोकं दुखेल, झोप लागणार नाही. भलतंसलतं दिसेल, ऐकू येईल. त्यावर फार विश्वास ठेवू नकोस."

हे वाक्य मी पुढचे काही दिवस देवाच्या नावासारखं घोकत होते.

दोन्या फेलिपाच्या नावातलं 'दोन्या' म्हणजे आपल्याकडे मानाने 'बाई' म्हणतात तसं. साठी उलटलेली, बुटकी, रुंद. घेरदार परकरावर परकर, पाठीवर दोन लांब वेण्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी परदेशात घरकाम करायची. बाजारात तिचा सुक्या बटाट्यांचा ठेला होता. उजवा गुडघा पार गेलेला, तरी रोज पहाटे ती त्या चढावरून पाठीवर गाठोडं बांधून जायची आणि दुपार कलल्यावर परत यायची. मला 'मिहा' म्हणायची. पोरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर वाटलं मी बोटीत आहे. पाय जमिनीवर ठेवला आणि न ठरवता दोन पावलं खिडकीकडे गेले. भिंतीला हात टेकला. स्वयंपाकघरात टेबलावर चहाचा कप होता, आणि त्यातला चहा एका कडेला जास्त, दुसऱ्या कडेला कमी दिसत होता. मी डोळे चोळले. पुन्हा तसंच.

"दोन्या फेलिपा, मला सगळं तिरकं दिसतंय."

"पी चहा. जाईल."

गल्लीत जरा पाय मोकळे करायला बाहेर पडावं म्हटलं, तर दार उघडेना. ओढलं, हिसडा दिला. दोन्या फेलिपाने कडी धरून सगळ्या वजनानिशी ते आतल्या बाजूला ओढलं. "पावसाने लाकूड फुगलंय," ती म्हणाली. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा पावसाळा. ते पटण्यासारखं होतं.

खालच्या अंगाला, गल्लीच्या शेवटच्या घरासमोर सेन्योर वाल्दो खुर्ची टाकून बसले होते. जुने शिंपी, हाडं निघालेले, डोक्यावर फेल्टची हॅट. मला भिंतीचा आधार घेत येताना बघून ते मोठ्याने हसले.

"नवी माणसं अशीच तिरकी चालतात, सेन्योरिता! काही दिवसांनी सरळ व्हाल."

त्यांची बायको, हुस्तिना, आतून ओरडली, "हसू नका हो लेकराला!"

दुपारी घरात मी एकटीच होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, त्या उंचीवरचं पांढरं, टोचणारं ऊन. गल्ली चिडीचूप. मी पलंगावर पडले होते आणि खालून आवाज येत होता. जात्यावर कोणी जाडंभरडं दळत असावं तसा. घर्र, थांबा, घर्र. मधूनच थांबायचा, जणू दळणारी हात बदलत होती. मला आजोळी ऐकलेलं जातं आठवलं आणि क्षणभर बरंही वाटलं. मग लक्षात आलं की माझ्या खोलीच्या खाली काहीच नाही. खोली दरीच्या बाजूला टेकडीवरच बसवलेली. खाली फक्त माती.

मी उठून जमिनीला कान लावला. दळणाच्या आवाजामागे आणखी एक आवाज होता. पाणी वाहत होतं. बारीक, सतत.

'भलतंसलतं ऐकू येईल,' गोन्सालो म्हणाला होता. मी पुन्हा पलंगावर जाऊन डोक्यावर उशी घेतली.

दोन्या फेलिपा परत आली ती मला हाक मारतच.

"मिहा. तू सेवेरोला हात लावलास?"

मी स्वयंपाकघरात गेले. सेवेरोचं तोंड काल शेगडीकडे होतं. आता चष्म्याच्या काचा शेगडी सोडून थोड्या बाजूला वळल्या होत्या. दाराच्या दिशेने.

"नाही," मी म्हणाले. "मी लांबूनसुद्धा त्याच्याकडे बघत नाही."

हे खरं होतं. मग तिने पदरासारखी शाल डोक्यावरून घेतली, फळीपुढे उभी राहिली आणि हलक्या आवाजात त्यांच्या आयमारा भाषेत काही बोलली. त्याच्या दातांतली सिगारेट बदलली, ती पेटवून दिली. मी दारात उभी होते. सिगारेट एकटीच जळत होती, आणि तिची राख वाकडी होत होत पडत नव्हती.

"हा कोणाचा...?" मला पुढे विचारता येईना.

"माहीत नाही. सासूने दिला. तिला तिच्या काकाने. लग्नानंतर माझ्या स्वप्नात येऊन त्याने नाव सांगितलं. सेवेरो. तेव्हापासून माझ्याकडे आहे. चोर आला नाही, आग लागली नाही. नवऱ्याला न्यायला मरण आलं तेव्हासुद्धा याने आधी सांगितलं होतं."

"कसं?"

तिने त्याला पुन्हा शेगडीकडे वळवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं तोंड पुन्हा दाराकडे वळलेलं होतं. या वेळी जास्त. या वेळी दोन्या फेलिपाने मला काही विचारलं नाही आणि त्याला हातही लावला नाही. ती बाजारात गेली, जाताना मला 'येते' म्हणाली नाही.

मी दिवसभर खोलीबाहेर पडायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुपारी तहान लागली. नळाला पाणी नव्हतं. नुसता फुसकारा आला. माठासारख्या एका मोठ्या मडक्यातून पाणी घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा टोपलीतला एक बटाटा खाली पडला. पडला आणि थांबला नाही. फरशीवरून गडगडत, अजिबात घाई न करता, टेबलाखालून निघाला आणि खिडकीखालच्या भिंतीला जाऊन टेकला. मी तो उचलून टोपलीजवळ जमिनीवर ठेवला. तो पुन्हा निघाला.

मग खालचं दळण सुरू झालं. आणि माझी नजर, मी ठरवलं नसताना, फळीवर गेली.

सेवेरो हलला.

फार नाही. तांदळाचा दाणा सरकेल एवढाच. टोपीचा गोंडा थरथरला, चष्म्यावर खिडकीचा जो उजेड पडला होता तो काचेच्या कडेवरून घसरला आणि नाहीसा झाला. आता काचा काळ्या होत्या आणि त्या सरळ दाराकडे बघत होत्या. दळणाचा आवाज थांबला. त्याबरोबर तोही थांबला.

मी ओरडले नाही. दाराकडे धावले. दार पुन्हा अडकलं होतं. दोन्ही हातांनी ते ओढलं, बाहेर पडले आणि श्वास संपेपर्यंत चढ चढत गेले. वरच्या रस्त्यावर बसून कोरडे उमासे काढले. मग डोळे पुसले, केबल कार पकडली आणि शहराच्या डोक्यावरून, छपरांच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून, गोन्सालोच्या ऑफिसात गेले.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो चांगला मुलगा होता. हसला नाही.

"तुझा रक्तातला ऑक्सिजन बघ," तो म्हणाला आणि माझ्या बोटाला यंत्र लावलं. आकडा खरंच कमी होता. "डोकं दुखतंय?"

"फुटतंय."

"झोप?"

"नाही."

"मग? तू स्वतः वैद्यकीय क्षेत्रातली आहेस, तनुजा. अशा अवस्थेतल्या पेशंटने कवटी हलली म्हणून सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी म्हणाले असते, आराम करा.

"उद्या तुला दुसऱ्या घरी हलवतो. खाली, जरा कमी उंचीवर. दुपारी टॅक्सी घेऊन वरच्या रस्त्यावर येतो."

संध्याकाळी परत आले तेव्हा दोन्या फेलिपा बटाटे सोलत बसली होती. मी सांगण्याआधीच ती बोलली.

"तुला जायला हवं, मिहा."

"मी उद्या जातेय."

"चांगलं." तिने सुरी खाली ठेवली. "रागावू नकोस. तू वाईट नाहीस. पण तू आल्यापासून तो दाराकडे बघतोय. माझा नवरा गेला त्या आठवड्यात तो असाच दाराकडे बघत होता. तो म्हणतो, घरातून कोणीतरी बाहेर जायचंय. एकतर तू पायांनी जा, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"सूप घे," ती म्हणाली.

मला रडू आलं. इतक्या लांब येऊन मी एका म्हातारीच्या घरात अपशकुन ठरले होते. कामाला हातसुद्धा लावला नव्हता.

रात्रभर पाऊस कोसळला. मी झोपेन असं वाटलं नव्हतं, पण झोपले. आणि सकाळी उशिरा जाग आली तेव्हा काहीतरी वेगळं होतं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. डोकं दुखत नव्हतं. आल्यापासून पहिल्यांदाच. छाती मोकळी होती, भूक लागली होती, हाताची बोटं स्वच्छ दिसत होती. सोरोचे उतरला होता.

मी पाय जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं खिडकीकडे गेले.

तिथेच उभी राहिले. डोकं शांत होतं आणि जमीन तिरकी होती.

खिडकीबाहेर विजेचा एक खांब होता, आणि त्याच्या मागे, खूप लांब, दरीपलीकडे एका चर्चचा मनोरा. आल्या दिवशी पलंगावर पडून मी तो मनोरा बघत होते. खांबाच्या उजवीकडे, सुटा, स्पष्ट दिसायचा. आता तो खांबाच्या पार आड गेला होता. तारा सतारीसारख्या ताणल्या होत्या आणि वारा नसताना गुणगुणत होत्या. माझ्या डोक्याला काहीही होऊ शकतं. पण खांब आणि मनोऱ्याला सोरोचे होत नाही.

मी बघत असतानाच खिडकीची काच तडकली. कोणी हात लावला नव्हता. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ गेली, बांगडी पिचल्यासारखा बारीक आवाज करत.

दोन्या फेलिपा त्या दिवशी माझ्यासाठी बाजारात गेली नव्हती. मला निरोप द्यायला थांबली होती, शेगडीवर काहीतरी शिजत होतं.

"दोन्या फेलिपा, बाहेर चला. जमीन सरकतेय. आपलं घर खाली सरकतंय."

"तुझी तब्येत..."

"माझी तब्येत बरी आहे! हा चहा बघा. ही फरशी बघा." मी टोपली उपडी केली. बटाटे एका कळपासारखे खिडकीकडे धावले. खालून घर्र असा आवाज आला, पहिल्यापेक्षा खूप मोठा, आणि भिंतीवरच्या गिलाव्याचा एक तुकडा तिच्या पायाशी पडला.

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग सेवेरोकडे. त्याचं तोंड दाराकडेच होतं.

"तू जा," ती म्हणाली. "त्याने तुला सांगितलंय. मला नाही. मी या घरात नवरीची आले. मी कुठे जाऊ?"

मी तिचा दंड धरला, तिने सोडवून घेतला. त्या बाईच्या अंगात माझ्या दुप्पट ताकद होती. ओढून नेणं शक्य नव्हतं. पुढे मी जे बोलले ते कुठून सुचलं, मला अजूनही माहीत नाही.

"मला सांगायचं असतं तर त्याने माझ्याकडे बघितलं असतं. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलेलं नाही. तो दाराकडे बघतोय. त्याला स्वतःला बाहेर जायचंय, दोन्या फेलिपा! त्याला पाय नाहीत. कोण नेणार त्याला?"

तिचा चेहरा बदलला. मुलाला ताप आहे हे आईच्या हाताला अचानक कळावं तसा. लंगडत ती फळीकडे गेली आणि त्याला उशीसकट उचलून शालीत घेतलं.

दार उघडेना. वरची चौकट वाकून दारावर बसली होती. मी ओढलं, लाथा घातल्या, काही होईना. कोपऱ्यात मिरच्या वाटायचा दगड होता, आपल्या वरवंट्याहून मोठा. मी तो दोन्ही हातांनी उचलून दाराच्या फळ्यांवर घातला. पुन्हा घातला. श्वास संपला, डोळ्यांपुढे काजवे आले, तरी घालत राहिले. मधली फळी फुटली. त्या फटीतून मी आधी बाहेर पडले आणि तिला खेचायला हात पुढे केले. तिने माझ्या हातात सेवेरो दिला.

मी घेतला. दगडासारखा थंड असेल असं वाटलं होतं. शेगडीसमोर असल्यामुळे तो कोमट होता.

ती बाहेर आली तेव्हा आम्ही गल्लीत उभ्या होतो आणि गल्ली नेहमीसारखी होती. कोणाकडे रेडिओ लागला होता. एक बाई दारात बाळाला पाजत होती. फक्त गल्लीच्या मधोमध एक भेग गेली होती. काल मी ती ओलांडून गेले होते. आज तिच्यात माझं पाऊल मावलं असतं.

"बाहेर या!" मी ओरडले. "सगळे बाहेर या! डोंगर खाली येतोय!"

घाबरल्यावर माझी स्पॅनिश पार मोडली. काय शब्द तोंडातून गेले देव जाणे. काही डोकी खिडकीतून डोकावली. सेन्योर वाल्दो आपल्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"सोरोचे, सेन्योरिता! झोपा जाऊन!"

कोणीतरी हसलं. बाळाला पाजणारी बाई कीव आल्यासारखी माझ्याकडे बघत होती. मी एकेका दाराशी जाऊन हाताने थापा मारत होते आणि लोक दार उघडून मला पाणी देऊ करत होते.

तेव्हा दोन्या फेलिपा गल्लीच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिने शाल बाजूला केली आणि सेवेरोला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. ती ओरडली नाही. तिला आयुष्यभर बाजारात माल विकायची सवय होती. तिचा साधा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"सेवेरो दाराकडे वळलाय. मी परत शेगडीकडे वळवला, तरी पुन्हा फिरला. त्याने घर सोडलंय."

रेडिओ बंद झाला.

मग दारं उघडली. एकापाठोपाठ एक. कोणी प्रश्न विचारला नाही. बाळवाली बाई तशीच, शाल सावरत चढाला लागली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं गेलं, मुलांना दंडाला धरून ओढलं गेलं. कोणी गॅसचा सिलिंडर बंद करायला परत गेलं आणि धावत आलं. मी दोन्या फेलिपाचं वजन खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होते. तिच्या गुडघ्यातली करकर मला माझ्या कानात ऐकू येत होती.

सगळ्यात शेवटी सेन्योर वाल्दो. ते खुर्चीतच बसून होते. "कवटीचं ऐकून मी घर सोडू?" ते म्हणत होते. हुस्तिनाने त्यांची हॅट काढून घेतली आणि ती घेऊन चालायला लागली. हॅटच्या मागे ते आले, शिव्या देत.

आम्ही वरच्या रस्त्यावर पोचलो आणि मागे वळून बघितलं. बराच वेळ काहीच झालं नाही. पाऊस भुरभुरत होता. सेन्योर वाल्दो म्हणाले, "बघा!" आणि नेमकं तेव्हा विजेच्या तारा तुटल्या.

मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तसं झालं नाही. गल्लीतली घरं उभीच्या उभी खाली निघाली. खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी खुर्चीसकट सरकवावं तशी. सेन्योर वाल्दोंचं घर आधी गेलं, मग त्याच्या शेजारचं. दोन्या फेलिपाची खिडकी मला थोडा वेळ दिसत होती. मग घर मधोमध खचलं, आणि मग आवाज आला, आणि विटांची लाल धूळ पावसात वर चढली. ती बसल्यावर तिथे गल्ली नव्हती. ओल्या मातीची एक नवी उतरण होती, आणि तिच्यात कोणाचं तरी निळं दार आडवं पडलं होतं.

कोणी रडलं नाही. बायकांनी मोजायला सुरुवात केली, नावं घेऊन, पुन्हा पुन्हा. सगळी होती.

"तुझी बॅग," दोन्या फेलिपा मला म्हणाली. "तुझी बॅग आत राहिली, मिहा."

आम्हाला एका शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये ठेवलं. गोन्सालो आला. त्याने मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा इंजिनियर आला. हातात नकाशा घेऊन त्याने लोकांना समजावलं की पावसाचं पाणी वस्तीखालच्या मातीत मुरत होतं, जमीन गेले काही दिवस तसूतसूने दरीतल्या नदीकडे सरकत होती, घरं तिकडेच कलत होती. घरातली जी वस्तू सुटी असेल ती त्या बाजूला जाणारच, तो म्हणाला. यात चमत्कार काही नाही.

"सगळ्या वस्तू?" मी विचारलं. "नदीकडेच?"

"अर्थात. उताराकडे."

नदी खिडकीच्या बाजूला होती. बटाटे खिडकीकडे गेले होते. दार मात्र डोंगराच्या बाजूला होतं, वर, चढावर. मी दोन्या फेलिपाकडे बघितलं. तिने सेवेरोला मांडीवर घेतलं होतं आणि टोपीतली धूळ झटकत होती. तिने इंजिनियरचं म्हणणं ऐकलं होतं की नाही, कळलं नाही.

माझ्याकडे कपडे नव्हते. हुस्तिनाने कुठूनतरी आणलेला घेरदार परकर मी नेसले होते, त्यावर गोन्सालोचा स्वेटर. मी भिंतीला टेकून बसले होते. परत जायचं का, आईला काय सांगायचं, पासपोर्टचं काय, असले विचार डोक्यात येत होते आणि पुढे सरकत नव्हते. समोर गाद्यांवर गल्ली बसली होती. कोणाची पाठ धरली होती, कोणाचा घोटा सुजला होता. चढावरून म्हाताऱ्यांना वाहून आणलेले खांदे आखडले होते.

मी उठले. पहिली गादी सेन्योर वाल्दोंची होती. ते आडवे पडले होते, हॅट छातीवर, डोळे छताकडे. कालपासून त्यांनी कोणाशी शब्द बोललेला नव्हता. मी त्यांच्या पायाशी बसले, विजार वर केली आणि दोन्ही हात पोटरीवर ठेवले. स्नायू दगड झाले होते आणि आतून बारीक थरथर चालू होती.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सेन्योरिता," ते कुजबुजले. "जमीन हलतेय का?"

"नाही, सेन्योर वाल्दो. तुमचा पाय थरथरतोय. सैल सोडा."

त्यांनी मनगट सोडलं. मी चोळायला सुरुवात केली, टाचेकडून वर, सावकाश. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले. मग मी एक हात काढून घेतला, कोणाला दिसणार नाही असा फरशीवर सपाट टेकवला, आणि तसाच ठेवून वाट बघत राहिले.